जोडून सुट्टीत लग्न: २५-२७ डिसेंबर २०२६ धरावी की २६-२८ मार्च २०२७?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. पुतणीचं लग्न ठरलंय. आम्ही नाशिकचे, मुलाकडचे पुण्याचे. लग्न आमच्याकडे नाशकात, वैदिक पद्धतीनं, मुहूर्त दुपारचा. माणसं साधारण ४५०. त्यातली निम्मी नाशिकची, १५० पुण्याहून, उरलेली मुंबई-ठाणे आणि नागपूर-अमरावतीकडची.

सगळ्यांना रजा न काढता येता यावं म्हणून जोडून सुट्टी बघतोय. दोन पर्याय समोर आहेत. एक, नाताळ: शुक्रवार २५ ते रविवार २७ डिसेंबर २०२६. दुसरा, गुड फ्रायडे: शुक्रवार २६ ते रविवार २८ मार्च २०२७. व्याह्यांचा जोर डिसेंबरवर आहे, कारण मुलाचा थोरला भाऊ अमेरिकेत असतो आणि त्याला नाताळात यायला सोपं पडतं.

प्रश्न असे की, अशा सुट्टीत लोक लग्नाला येतात की फिरायला जातात? तीनपैकी कोणता दिवस लग्नाचा ठेवावा? आणि कार्यालयवाले, आचारी, गाड्यावाले सुट्टीचं म्हणून जादा मागतात ते कितपत खरं? पत्रिका जुळली आहे. गुरुजींना तारीख अजून विचारलेली नाही, आधी सुट्टी पक्की करून मग त्यांच्याकडे जाऊ म्हटलं. एका कार्यालयाला या आठवड्यात विसार द्यायचाय.

तिथीवार

विसार आत्ता देऊ नका. आधी गुरुजी, मग कार्यालय. तुमचा क्रम नेमका उलटा झालाय, आणि डिसेंबर २०२६ मध्ये तो महागात पडू शकतो.

गुरू ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंह राशीत जातो. तुमच्या नाशकात सिंहस्थाचं ध्वजारोहण त्याच दिवशी आहे. सिंहस्थ गुरूत लग्न करावं का, हा जुना वाद. मुहूर्तचिंतामणीतला नियम असा: मघाचे चार आणि पूर्वा फाल्गुनीचा पहिला, अशा पाच चरणांत (चरण म्हणजे नक्षत्राचा चौथा भाग) गुरू असेल तर लग्न सगळीकडेच वर्ज्य. पुढच्या चरणांत फक्त गंगा आणि गोदावरी यांच्यामधल्या प्रदेशात वर्ज्य, बाकीकडे दोष नाही. सूर्य मेषेत असेल तर त्या प्रदेशातही चालतं. डिसेंबरअखेर गुरू वक्री आणि मघातच आहे. नाशकात गंमत अशी की गाव गोदेच्या दोन्ही काठांवर वसलंय. पंचवटीतलं कार्यालय सोडून कॉलेज रोडचं घेतलं की नदीच्या दक्षिणेला आलो, दोष संपला, असं सांगणारे भेटतील. मघात ही पळवाट चालत नाही.

काही पंचांगांत अशा काळासाठी वेगळ्या मथळ्याखाली गौण किंवा आपत्कालीन मुहूर्त दिलेले असतात, आणि बरेच गुरुजी त्यावर लग्न लावतात. त्यामुळे सिंहस्थ सोडून देऊ असं दोन्ही घरांनी ठरवलं तरी हरकत नाही. पण मग दुसरी अडचण येते, नक्षत्राची. लग्नाला सर्वमान्य नक्षत्रं अकरा: रोहिणी, मृग, मघा, तिन्ही उत्तरा, हस्त, स्वाती, अनुराधा, मूळ, रेवती. परंपरेप्रमाणे आणखी दोनचार धरली जातात. आता तुमचे तीन दिवस बघा. दुपारच्या वेळेला २५ डिसेंबरला पुनर्वसू, २६ ला पुष्य, २७ ला आश्लेषा. तिन्ही यादीबाहेर. पुष्य तर इतर सगळ्या कामांना उत्तम आणि लग्नाला मुद्दाम वर्ज्य. म्हणजे नाताळच्या तीन दिवसांत मुहूर्त पाळणाऱ्या घराला हाताशी काही लागत नाही.

मार्चचं चित्र वेगळं आहे. जानेवारीच्या अखेरीस गुरू वक्री होऊन परत कर्केत येतो आणि जूनच्या अखेरीपर्यंत तिथंच असतो. कर्क म्हणजे त्याची उच्च रास. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पौषही संपतो. २६-२८ मार्चला फाल्गुन वद्य आहे. दुपारी शुक्रवारी विशाखा, शनिवारी अनुराधा, रविवारी ज्येष्ठा. तिघांत शनिवार २७ मार्च तेवढा धरण्यासारखा. लग्नशुद्धी, मुलामुलीचं चंद्रबळ वगैरे गुरुजी बघतीलच, मी फक्त गाळणी लावून दिली. सूर्य त्या वेळी मीनेत असतो. आपल्याकडे पंचांगांत मीनार्कातले मुहूर्त दिलेले असतात, पण इंदूर-भोपाळकडचे नातेवाईक असतील तर ते खरमास, म्हणजे लग्नाला वर्ज्य महिना, म्हणून नाक मुरडतील.

आणि एक गोष्ट नाशिककर असून तुम्ही लिहिली नाहीत. २७ मार्चला रंगपंचमी आहे.

मांडवपती

वरचं सगळं कार्यालयाच्या दरालाही लागू पडतं, ते कसं ते सांगतो.

कार्यालयाचा दर चढतो मुहूर्तावर, सुट्टीवर नाही. हॉटेलच्या खोलीचा दर चढतो सुट्टीवर, मुहूर्तावर नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात की निम्मा गोंधळ संपतो. मुहूर्त नसलेल्या नाताळच्या शनिवारी कार्यालय रिकामं असतं, भाड्यात घासाघीस होते, वर खुर्च्यांची कव्हरं नाहीतर स्टेज फुकट पदरात पाडून घेता येतं. पण २४ डिसेंबर ते १ जानेवारी नाशिकच्या हॉटेलांचा वर्षातला सगळ्यात महाग आठवडा. त्र्यंबक, शिर्डी, वणी करणारे, शिवाय वायनरीला येणारे, सगळे एकाच वेळी. बऱ्याच ठिकाणी त्या आठवड्यात एका रात्रीची खोली देतच नाहीत, किमान दोन रात्री घ्याव्या लागतात. तुमचे २०० च्या वर पाहुणे बाहेरगावचे आहेत. एका खोलीत तीन धरले तरी ७५ खोल्या. कार्यालयात वाचलेले पैसे तिथं जातात आणि वर थोडे लागतात.

मार्चमध्ये उलटं. मुहूर्ताचा शनिवार म्हणून कार्यालय पूर्ण दर घेईल, खोल्यांचे भाव मात्र आटोक्यात राहतात. नाशिकला येणारा पर्यटक मार्चअखेरच्या उन्हात कमी झालेला असतो.

वार कोणता, तर शनिवारच. शुक्रवारी वऱ्हाड येतं, संध्याकाळी सीमांतपूजन, शनिवारी लग्न, रविवार परतीला मोकळा. शुक्रवारी लग्न ठेवलं की वऱ्हाडाला गुरुवारी निघावं लागतं, म्हणजे रजा आलीच, सुट्टीचा फायदा गेला. रविवारी ठेवलं तर पाठवणी चार-पाचला आणि मग सगळे परतीच्या गर्दीत.

आता करार. विसार देताना खालच्या गोष्टी पावतीवर लिहून घ्या, तोंडी नको.

ताबा किती वाजता आणि कधीपर्यंत. जोडून सुट्टीत कार्यालयं लागोपाठ लागलेली असतात: आधीचं लग्न चारला हलतं, तुम्हाला सहाला चाव्या. कागदावर सहा, प्रत्यक्षात झाडलोट होऊन खोल्या मिळेपर्यंत साडेसात. स्टेजच्या फुलांचं काम पाच-सहा तासांचं असतं, आणि सीमांतपूजन सातला ठेवलंत तर मागे डेकोरेटरची शिडी उभी असते. शुक्रवार दुपारपासूनचं अर्ध्या दिवसाचं भाडं वेगळं द्या आणि बाराला ताबा घ्या. यात पैसे वाचवायला जाऊ नका. स्वयंपाकघराचा ताबाही त्यातच लिहून घ्या, नाहीतर आधीच्या आचाऱ्याची भांडी निघेपर्यंत तुमचा आचारी बाहेर बसतो.

शेजारच्या लॉनवर दुसरा कार्यक्रम आहे का, असेल तर कुठल्या वेळेचा. एका मालकाची दोन लॉन असली की मंगलाष्टकांच्या वेळी पलीकडे हळदीचा डीजे सुरू असतो. वीज युनिटप्रमाणे की ठोक, जनरेटरचं डिझेल कुणाचं, खोल्या किती आणि त्यातल्या किती खरंच वापरण्याजोग्या, साफसफाई, जीएसटी. तारीख बदलली तर विसारातलं किती वळतं होईल.

फोटोग्राफर, मेकअपवाली आणि गुरुजी यांच्याबाबत एकच विचारायचं: तुम्ही स्वतः येणार का? मुहूर्ताच्या शनिवारी एकाच नावावर दोन-तीन कामं घेतली जातात आणि तुमच्याकडे हाताखालचा मुलगा येतो. करारात माणसाचं नाव घाला. गुरुजींनी त्या दिवशी सकाळचं दुसरं लग्न घेतलंय का तेही विचारा.

लॉन घेऊ नका. मार्चअखेर दुपारी साडेबाराला उघड्यावर अक्षता टाकायला माणसं थांबत नाहीत, मांडवाच्या कडेला सावलीत गोळा होतात. छपराचा हॉल, वर पंखे आणि दोन्ही बाजूंनी वारा.

गोदाकाठ

रंगपंचमी खरंच लक्षात आली नव्हती! तिथीवारजी, मांडवपती, दोघांचे आभार. व्याह्यांना नक्षत्रांचं कळवलं, त्यांचे आजोबा पुष्य ऐकूनच नको म्हणाले. डिसेंबर बाद.

मग रंगपंचमीच्या दिवशी नाशकात लग्न ठेवणं शहाणपणाचं आहे का? आणि थोरल्या भावाचं काय करायचं?

तिथीवार

भावासाठी साखरपुडा डिसेंबरात करा. तो नाहीतरी सुट्टीला येणारच. वाङ्निश्चयाला लग्नाइतकी बंधनं नाहीत, सिंहस्थाची अडचण त्याला बहुतेक गुरुजी मानत नाहीत. मार्चसाठी त्याला आत्ताच सांगून ठेवा. अमेरिकेत गुड फ्रायडे ही देशभराची सरकारी सुट्टी नाही, पण वेळेत कळलं तर रजा जमवता येते.

लालडबा

रंगपंचमीचं घाबरण्यासारखं नाही, जागा आणि रस्ता नीट निवडला तर. जुन्या नाशकात तिवंधा, दिल्ली दरवाजा आणि पंचवटीत शनी चौक या भागात रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडतात आणि दुपारनंतर तिकडचे रस्ते बंद किंवा माणसांनी भरलेले. तिथल्या गल्लीबोळातली कार्यालयं सोडा. गंगापूर रोडचा बाहेरचा भाग, पाथर्डी फाटा, आडगावची बाजू, मुंबई-आग्रा महामार्गाजवळची जागा घ्या. वरात काढायची असेल तर गावात नको, कार्यालयाच्या आवारात किंवा समोरच्या रस्त्यावर थोडक्यात. आणि घोड्यावर बसलेल्या नवऱ्यावर रंग टाकायची हौस आवरणारी चार माणसं पुढे ठेवा.

आता वऱ्हाड. पुणे-नाशिक थेट लोहमार्ग नाही, त्यामुळे पुण्याचे १५० जण रस्त्यानं. अंतर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, एरवी पाच तास. सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी चाकणला अडकलात तर तिथंच तास-दीड तास जातो. सकाळी सातला निघायचं आणि बाराला जेवायला पोचायचं हा हिशोब धरू नका. पहाटे साडेचारला बस हलली पाहिजे, नाहीतर सरळ दुपारी दोनला निघा आणि सातला पोचा. मधली वेळ वाईट. रविवारी परत येताना अकराच्या आत नाशिक सोडा. संध्याकाळी पुण्यात शिरणारी सगळी वाहनं चाकण-मोशीत एकत्र येतात.

एसटीची प्रासंगिक कराराची बस मिळते, आगारात अर्ज करून पैसे आधी भरावे लागतात. सुट्टीच्या दिवसांत आगाराकडे जादा गाड्या लागलेल्या असतात, म्हणून महिनाभर आधी अर्ज द्या आणि लेखी मंजुरी हातात येईपर्यंत गाडी मिळाली असं धरू नका. खासगी बस किंवा सतरा आसनी ट्रॅव्हलर घेतलीत तर रोजच्या किमान किलोमीटरचं भाडं लागतं, साधारण २५० ते ३००. गाडी शनिवारी नुसती उभी राहिली तरी ते भरावं लागतं. म्हणून दोन पर्याय काढून बघा: तीन दिवस गाडी ठेवून घेणं, किंवा शुक्रवारी सोडून गेलेली गाडी रविवारी परत बोलावणं. दुसऱ्यात रिकाम्या फेऱ्यांचे पैसे आणि टोल धरायचा. बहुतेक वेळा ठेवून घेणंच परवडतं, शिवाय हॉटेल ते कार्यालय ने-आण होते. चालकाचा भत्ता आणि झोपायची जागा आधी ठरवा. चालकाला रात्री नीट झोपू द्या, रविवारी गाडी त्यालाच चालवायची आहे.

मुंबईकरांना आता समृद्धी मोकळी आहे. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टळतो. पण आमणेपर्यंत पोचताना भिवंडीची कोंडी टळत नाही, हे ठाण्याच्या मंडळींना सांगा.

नागपूर-अमरावतीकडचे रेल्वेनं येणार. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. पूर्वीचे १२० दिवस नोव्हेंबर २०२४ पासून गेले. गुरुवार २५ मार्चच्या रात्रीची गाडी धरली तर आरक्षण २४ जानेवारीला सकाळी आठला उघडतं, रविवार आहे. रविवार २८ च्या परतीचं २७ जानेवारीला. हे दोन दिवस घरातल्या कुणा एकाच्या अंगावर टाका. प्रवासाच्या त्याच आठवड्यात होळीला गेलेल्यांची परतीची गर्दी नाशिक रोडवरून जाणाऱ्या गाड्यांना असते, चार दिवस थांबलात तर थेट प्रतीक्षा यादी. एका तिकिटावर सहाच नावं बसतात. तीस-चाळीस जण एकाच गाडीनं येणार असतील तर लग्नपत्रिका जोडून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे एकगठ्ठा आरक्षणाचा अर्ज करता येतो, पण त्यासाठी पत्रिका जानेवारीत छापून तयार हवी.

शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी पोचू, असं कुणी म्हणालं तर त्याला गुरुवारी बसवा. मुहूर्त साडेबाराचा आणि गाडी तीन तास उशिरा, असं झालं की माणूस अक्षतांना नाही, जेवायला पोचतो.

आचारीबुवा

सुट्टीत माणसं येतात का, हा तुमचा पहिला प्रश्न कुणीच धरला नाही. बाहेरगावची येतात आणि जास्त वेळ राहतात. गावातली गळतात. नाशिकची २२५ धरलीत ना, त्यातली काही सुट्टी बघून स्वतःच बाहेर गेलेली असणार, शिवाय तुमच्याकडे रंगपंचमी. म्हणजे मुख्य जेवणाचा आकडा खाली येतो आणि नाश्ता-चहा-रात्रीच्या जेवणाचा वर जातो. ४५० चं एक जेवण असा ठोक करार केलात तर शनिवारी अन्न उरेल आणि शुक्रवारी रात्री कमी पडेल.

करार जेवणवार करा. शुक्रवार रात्र, शनिवार नाश्ता, शनिवार दुपार, शनिवार रात्र, रविवार नाश्ता, अशी पाच ओळींची यादी, प्रत्येकापुढे वेगळा आकडा. शनिवारी दुपारची हमी ३५० ची द्या आणि वर ५० पर्यंत त्याच दरात वाढवण्याची तयारी लिहून घ्या. शेवटचा आकडा द्यायची मुदत आठ दिवस आधीची असते, तोवर पुणे-नागपूरची तिकिटं झालेली असतात, त्यामुळे अंदाज चुकत नाही.

पंगत असेल तर १०० पानांना मसालेभाताचे ७-८ किलो तांदूळ, साध्या भाताचे ४-५, वरणाला अडीच-तीन किलो तूरडाळ, मठ्ठ्याला १० लिटर दही. मार्चअखेर मठ्ठा दीडपट धरा, गोड कमी जातं. पंचवीस पानांना एक वाढपी लागतोच, नाहीतर वरण पोचेपर्यंत भात निवतो. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला पावणेदोन लिटर, म्हणजे ४५० जणांना २० लिटरचे चाळीस जार. ते सावलीत उतरवा.

श्रीखंड-बासुंदी उन्हाळ्यात ठेवायचीच असेल तर पंगतीच्या अर्ध्या तासाआधी शीतपेटीतून बाहेर काढायची, टेबलावर दोन तास उभी ठेवायची नाही. जिलेबी किंवा मोतीचूर बिनधास्त. आमरसाचा हट्ट कुणी धरला तर मार्चमधल्या हापूसचा भाव त्याच्यापुढे ठेवा.

रंगपंचमीला नाशिकचे पोरगे कामावर येत नाहीत, हे लिहून ठेवा. तुमच्या केटररला विचारा, माणसं गावातली की बाहेरची. गावातली असतील तर शुक्रवारी संध्याकाळपासून कार्यालयातच मुक्कामाला आणायची, त्यांच्या झोपण्याची सोय तुम्ही करायची. १९ किलोचे सिलिंडर गुरुवारीच भरून आलेले पाहिजेत, आणि अंदाजापेक्षा एक जादा.

खतावणी

बँकेचं कुणी बोललं नाही. २६ मार्चला गुड फ्रायडे, २७ ला चौथा शनिवार, २८ ला रविवार. तीन दिवस बँका बंद. दागिने लॉकरमध्ये असतील तर गुरुवार २५ च्या दुपारपर्यंत काढायचे. ते परत ठेवता येतात सोमवारी २९ ला. म्हणजे चार रात्री सोनं लॉकरबाहेर, त्यातल्या दोन कार्यालयात. कुठल्या खोलीत, किल्ली कुणाकडे, ते आत्ता ठरवा. वधूच्या खोलीला आतून आणि बाहेरून कुलूप लागतं का, तेही कार्यालय बघायला जाल तेव्हा स्वतः लावून बघा.

मोठी देणी चेकनं देऊ नका, वटायला निदान सोमवार उजाडतो. एनईएफटी, आरटीजीएस सुट्टीतही चालतं, पण यूपीआयला रोजची मर्यादा असते, बहुतेक खात्यांना एक लाख. कार्यालय आणि केटररची उरलेली रक्कम शनिवारी एकाच फोनवरून द्यायला गेलात की व्यवहार अडतो. दोन-तीन जणांत वाटून ठेवा. बँड, वाढपी, घोडेवाला, कार्यालयाचे शिपाई यांना रोख लागते, तीही सुटी. शंभर आणि दोनशेच्या नोटा बुधवारीच आणून ठेवा.

मार्चअखेरचा धोका वेगळाच: ३१ मार्च. घरात कुणी सीए, बँकेतलं, सरकारी कचेरीत हिशोबाला असेल तर त्याला गुरुवारी संध्याकाळपर्यंत धरू नका, रविवारीही नाही. गुड फ्रायडेची सुट्टी सगळ्या खासगी कंपन्यांत नसते. पुण्यातल्या आयटीवाल्यांना त्यांच्या कंपनीची २०२७ ची सुट्ट्यांची यादी बघायला सांगा. नाताळाइतकी ती हमखास नाही.

विवाह नोंदणी: कायद्यानं ९० दिवसांत करायची, तीन साक्षीदार लागतात, अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. सुट्टीत नोंदणी कार्यालय बंद, म्हणून ती सोमवारनंतरच. साक्षीदार नागपूरचे काका घेतलेत तर ते रविवारी परत गेलेले असतात. जिथे नोंदणी करणार तिथलेच तिघं ठरवा, आणि गुरुजींची सही शनिवारी मांडवातच घ्या, सोबत त्यांच्या ओळखपत्राची प्रत.

मांडवपती

खतावणीताईंच्या मुद्द्यात एक भर. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, हा नियम कार्यालयाला सुट्टीतही लागू आहे. वर्षातले जे १५ दिवस बारापर्यंत सवलत असते त्यांची यादी दरवर्षी जिल्हाधिकारी काढतात, ती सण-उत्सवांसाठी असते. शुक्रवारी संगीताचा कार्यक्रम ठेवणार असाल तर साडेसहाला सुरू करा आणि साडेनऊला जेवण वाढा. उलटं केलंत तर बरोबर रंगात आल्यावर आवाज बंद होतो.

गोदाकाठ

गुरुजींकडे जाऊन आलो. २७ मार्च शनिवार, दुपारी १२ च्या पुढचा मुहूर्त देतो म्हणाले, नेमकी मिनिटं दोन्ही पत्रिका समोर ठेवून सांगतील. पाथर्डी फाट्याजवळचा एक हॉल मोकळा आहे, शुक्रवारी दुपारी बाराला ताबा द्यायला तयार आहे.

पाहुण्यांना तारीख कधी कळवावी? पत्रिका तर जानेवारीत.

लालडबा

मुहूर्त हातात आला की त्याच दिवशी. पत्रिकेची वाट बघू नका. जोडून सुट्टीचे फिरायचे बेत लोक चार-चार महिने आधी ठरवतात. व्हॉट्सअॅपवर तारीख, वार, गाव, शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं आहे, आणि आरक्षण उघडण्याच्या तारखा एवढंच टाका. नागपूरच्या गटाला २० जानेवारीला परत आठवण करा.

आचारीबुवा

त्याच संदेशात विचारून घ्या: शुक्रवारी रात्री जेवायला किती, रविवारी नाश्त्याला किती. "सहकुटुंब येतो" असं उत्तर आलं तर आकडा मागा.

तिथीवार

आणि रंगपंचमीचा रंग खेळायचाच असेल तर पाठवणीनंतर, कोरडा. नवरीच्या शालूला ओला रंग लागला तर तो निघत नाही.